मूळ पान

आमच्या बाहेरच्या खोलीत, पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून थोड्या अंतरावर, काचेच्या चौकटीत एक मोठे पान लावलेले आहे. लांब नाकाचा, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा, डोक्यावर दातेरी काठाची टोपी घातलेला एक सडपातळ मुलगा त्या पानावर सहा तऱ्हांनी आळसावला आहे. घराला आशीर्वाद देण्यासाठी आलेल्या एका तरुण फादरांनी ते पाहिले आणि हसून विचारले, “हा जगहेड इथे काय करतो?” इतर पाहुण्यांना ते नातवंडांच्या पुस्तकातून कापलेले पान वाटते. ते छापील नाही, चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेले आहे असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “पण एवढे जपून ठेवण्यासारखे त्यात काय आहे?” या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

1974 साली मी मुंबईतील एका छापखान्याच्या प्रोसेस विभागात नोकरीस लागलो आणि निवृत्तीपर्यंतची चौतीस वर्षे तेथेच काढली. वसईहून पहाटेची गाडी पकडायची आणि दिवस डार्करूमच्या लाल उजेडात घालवायचा, असा क्रम होता. चित्रकाराचे मूळ चित्र कॅमेऱ्यासमोरच्या फळीवर ताणून बसवायचे, दोन्ही बाजूंचे दिवे लावून त्याची निगेटिव्ह काढायची, निगेटिव्हवरील टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे ओपेकने बुजवायची आणि ती प्लेट करणाऱ्याच्या स्वाधीन करायची. त्यानंतर मूळ चित्राचे काम संपत असे. ते काही दिवस खणात पडून राही. खण भरला की रद्दीवाला येई. या व्यवहारात काही वावगे आहे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते. छापलेला अंक हेच फळ, मूळ चित्र म्हणजे केवळ टरफल, अशी आमची समजूत होती.

1981 सालच्या दिवाळी अंकांचा हंगाम उलटून गेल्यानंतरची गोष्ट आहे. जानेवारी महिन्यात एक वयस्कर चित्रकार विभागाच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचे नाव मी येथे देत नाही. ते फार प्रसिद्ध नव्हते. कथांना लहान लहान चित्रे काढून देत, मिळेल ते मानधन घेत. ते म्हणाले, “दिवाळी अंकात माझे एक चित्र होते, वाल सोलणाऱ्या म्हातारीचे. ते परत मिळेल का? आईला समोर बसवून काढले होते. ती नाताळच्या आधी गेली. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.”

ते चित्र मला चांगले आठवत होते. नोव्हेंबरात मीच ते इतर कागदांबरोबर बांधून रद्दीत घातले होते. मी उगाचच दोन खण उघडले, वरखाली केले आणि म्हणालो, “सापडत नाही, काका. सापडले की कळवतो.” त्यांनी माझे आभार मानले आणि ते गेले. छापील अंकात ती म्हातारी दोन इंच रुंदीची आहे. हलक्या कागदावर शाई पसरल्यामुळे तिचे डोळे नीट दिसत नाहीत. पुढे पापनिवेदनाच्या वेळी हे खोटे बोलणे मी सांगितले आणि क्षमाही मिळाली. तथापि त्या गृहस्थांना त्यांची वस्तू मिळाली नाही.

त्याच काळात आमच्या घरात आर्चीचा प्रवेश झाला. स्टेशनाजवळच्या वाचनालयातून मुले ती लहान आकाराची जाडजूड पुस्तके दिवसाच्या भाड्याने आणीत. वेळेवर परत केली नाहीत तर दंड पडे, म्हणून जेवतानाही ती ताटाशेजारी उघडी असत. मी ती चाळत असे ती छपाई पाहण्यासाठी. एखाद्या पानावर लाल रंग रेषेबाहेर सरकलेला दिसला की अमेरिकेतल्या छापखान्यातही आमच्यासारखीच माणसे आहेत, याचे समाधान वाटे. चित्रे कोणी काढली असतील, हा प्रश्न मात्र माझ्या मनात कधी आला नाही. पुस्तकावर बहुधा नावही नसे.

2013 साली आम्ही उभयता धाकट्या चिरंजीवाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याने आम्हांला आपल्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या घरी नेले. या गृहस्थांना आर्चीच्या मूळ चित्रांचा संग्रह करण्याचा छंद होता. तळघरातील टेबलावर त्यांनी एक मोठी फाइल उघडली आणि एक पान माझ्यासमोर ठेवले.

मी ते पान वाचले नाही. आधी त्याचा कागद पाहिला. जाड, गुळगुळीत, कडांना पिवळसर झालेला ब्रिस्टॉल बोर्ड. चित्राची चौकट सुमारे साडेबारा इंच रुंद आणि साडेअठरा इंच उंच होती, म्हणजे छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट. 1967 च्या सुमारापर्यंत अमेरिकेतील चित्रकथांची पाने या मापाने काढली जात. त्यानंतर हे माप सुमारे दहा बाय पंधरा इंचांवर आले. कडेला निळ्या पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते. फिकट निळा रंग आमच्या लिथ फिल्मवर उमटत नाही, म्हणून जगभरचे चित्रकार आणि संपादक आपल्या सूचना त्याच पेन्सिलीने लिहीत. संवादाच्या फुग्यांत अक्षरांसाठी आखलेल्या पेन्सिलीच्या बारीक रेघा तशाच राहिल्या होत्या. एका चौकटीत हाताचा पंजा पांढऱ्या रंगाने पुसून पुन्हा काढलेला होता. दुसऱ्या ठिकाणी संवाद बदलून त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि जुन्या डिंकाचा डाग तपकिरी पडला होता. रंग कोठेच नव्हता. रंगांचे काम छापण्यापूर्वी वेगळे होत असे. चित्रकाराच्या हाताखालून जाई ते फक्त काळे आणि पांढरे.

सारे आयुष्य मी अशाच कागदांसमोर उभा राहिलो होतो. परंतु तेव्हा माझे लक्ष निगेटिव्हकडे असे. पुसलेल्या पंजाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. छापील पुस्तकात तो पंजा सहज काढल्यासारखा दिसतो. मूळ पानावर मात्र कळते की एक माणूस तेथे अडला होता. त्याने काढलेले पुसले आणि पुन्हा काढले, तेही दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणाऱ्या पुस्तकासाठी.

“हे कोणी काढले?” मी विचारले. पानावर सही नव्हती. यजमान म्हणाले, “सॅम श्वार्ट्झ यांनी. हात ओळखू येतो.”

हात ओळखणे ही या छंदातील खरी विद्या आहे. आर्ची हे पात्र प्रथम 1941 च्या डिसेंबरचा अंक म्हणून निघालेल्या ‘पेप कॉमिक्स’च्या 22 व्या अंकात आले. त्याचे पहिले चित्रकार बॉब मोंटाना यांनी हॅव्हरहिल येथील आपल्या शाळेच्या आठवणी त्यात आणल्या. पुढे 1946 पासून 1975 साली मृत्यू येईपर्यंत ते वृत्तपत्रातील आर्ची काढीत राहिले. पुस्तकांचे काम मात्र अनेकांच्या हातांनी चालले आणि कथांवर त्यांची नावे क्वचितच छापली गेली. फ्रँक डॉयल यांनी हजारो कथा लिहिल्या. त्या वाचून हसलेल्या मुलांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल? हॅरी लूसी यांची माणसे सर्वांगाने बोलतात. मुलगा संतापला तर त्याचे गुडघेही संतापलेले दिसतात. संवाद झाकून ठेवले तरी गोष्ट समजते. श्वार्ट्झ यांचा मार्ग वेगळा. त्यांचा जगहेड फारसा हालतच नाही. त्याच्याभोवती सारे जग धावते आणि विनोद त्या स्थिरतेतून निर्माण होतो. डॅन डिकार्लो यांची रेघ इतकी नितळ, की पुढे साऱ्या प्रकाशनाने तीच वळणाची रेघ म्हणून मान्य केली.

पांढऱ्या रंगाबद्दल एक गंमत यजमानांनी सांगितली. 1954 साली चित्रकथांसाठी आचारसंहिता आली आणि पाने तपासली जाऊ लागली. 1958 साली व्हिक्टर गोरेलिक नावाचा, अजून विशीही न गाठलेला मुलगा आर्चीच्या कचेरीत कामाला लागला. केटी कीन या फॅशनप्रिय नायिकेच्या चित्रांतील खोल गळे वर घेणे आणि बेंब्या बुजवणे हे त्याचे सुरुवातीचे काम. पुढे तो त्याच संस्थेचा मुख्य संपादक झाला आणि 2020 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. मी आयुष्यभर छिद्रे बुजवली होती. माझ्या या अनोळखी व्यवसायबंधूबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला.

आपल्या वाचकांना आणखी एका चित्रकाराविषयी सांगितले पाहिजे. अल हार्टली यांनी 1967 साली आपले जीवन ख्रिस्ताला नव्याने वाहिले. 1973 पासून आर्ची आणि त्याच्या मित्रांना घेऊन त्यांनी एका ख्रिस्ती प्रकाशनासाठी श्रद्धेच्या कथा काढल्या. आर्चीचे प्रकाशक जॉन गोल्डवॉटर हे यहुदी. त्यांनी या कामाला आनंदाने परवानगी दिली. कलेच्या दृष्टीने त्या कथा सर्वांना आवडतात असे नाही. उपदेश वाढला की जगहेडच्या आळसाला जागा उरत नाही. परंतु एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या हाती आपली पात्रे विश्वासाने द्यावीत, ही गोष्ट मला त्या कथांपेक्षाही मोलाची वाटते.

डिकार्लो यांची हकिकत इतकी सुखद नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून युरोपात असताना त्यांना जोझी नावाची फ्रेंच तरुणी भेटली. ती त्यांची पत्नी झाली. तिच्याच नावाची नायिका त्यांनी निर्माण केली आणि 1963 साली तिचे स्वतंत्र पुस्तक सुरू झाले. पुढे त्या नायिकेवर चित्रपट निघाला तेव्हा तिच्यावर आपला हक्क आहे असे सांगत त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. प्रकाशनसंस्थेशी असलेला चार दशकांहून अधिक काळाचा संबंध 2000 साली तुटला. न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही आणि 2001 च्या डिसेंबरात ते वारले. कायद्याच्या दृष्टीने संस्थेचे म्हणणे खरे ठरले. परंतु ज्याने आपल्या बायकोच्या नावाला रूप दिले, त्याचे त्या रूपाशी काही नातेच उरत नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

मूळ पानांचेही पूर्वी असेच होते. काम विकत घेतले म्हणजे कागदही आपला, असे प्रकाशक मानीत. काही पाने कोठारात पडली, काही कोणी उचलून नेली, कितीतरी फाडून टाकली गेली. चित्रकाराला त्याची पाने परत करण्याची प्रथा अमेरिकेतील मोठ्या संस्थांत 1970 च्या दशकात रुजू लागली. ज्यांची पाने आधीच हातची गेली होती त्यांना पुढच्या खरेदीविक्रीतून काहीच मिळाले नाही. ही खंत या छंदाच्या आनंदात मिसळलेलीच राहते.

निघताना मी यजमानांना भीतभीतच विचारले, “यातले एखादे पान विकाल का?” त्यांनी श्वार्ट्झ यांचे ते पान, पुसलेल्या पंजाचे, स्वतः घेतलेल्या किमतीलाच मला दिले. ती किंमत काही शे डॉलर होती. आमच्या दृष्टीने थोडी नव्हे. चिरंजीव म्हणाला, “पपा, चांगले केलेत. पुढे भाव वाढेल.” सौभाग्यवती काहीच बोलली नाही. रात्री मात्र तिने विचारले, “त्या काकांच्या चित्रासाठी घेतलेत ना?” लग्नानंतर इतक्या वर्षांत ती हकिकत मी तिला एकदाच सांगितली होती.

तिने विचारले ते खरे होते. परंतु एका पानाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, हेही मला कळत होते. वाल सोलणारी म्हातारी परत येणार नाही. श्वार्ट्झ तर 1997 सालीच गेले होते. माझ्या पैशांतला एक सेंटही त्यांच्या घरी पोहोचला नाही. मला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. चौकटीखाली मी एक पट्टी लावली आणि तीवर लिहिले: ‘चित्रकार सॅम श्वार्ट्झ, 1920–1997’.

2023 च्या डिसेंबरात झोया अख्तर यांचा आर्चीच्या पात्रांवरील हिंदी चित्रपट आला. तो पाहून माझी नात या पानासमोर प्रथमच लक्ष देऊन उभी राहिली. बराच वेळ पाहिल्यावर ती म्हणाली, “आजोबा, इथे त्याचं चुकलं होतं वाटतं.” तिचे बोट बरोबर त्या पंजावर होते. मी तिला भिंग आणून दिले. त्यानंतर कपाटातून तो जुना दिवाळी अंक काढला, दोन इंचांची ती म्हातारी दाखवली, चित्रकाराचे नाव सांगितले आणि मी काय केले होते तेही सांगितले. तिने अंकातले ते पान पुन्हा पुन्हा पाहिले आणि मग शांतपणे विचारले, “तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलंत?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या धर्मग्रामांतील स्मरणिका, नाटकांची पत्रके, नाताळच्या देखाव्यांचे आराखडे, संडे स्कूलच्या भिंतीवरील चित्रे कोणी ना कोणी हाताने काढलेली असतात. जयंती-महोत्सव संपला की ती कपाटावर जातात आणि पुढच्या साफसफाईत नाहीशी होतात. ती रद्दीत घालण्यापूर्वी काढणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना एकदा विचारावे. ठेवायची असतील तर मागच्या बाजूला पेन्सिलीने त्याचे नाव आणि साल लिहावे. शाईने लिहू नये. ती कागदाच्या दुसऱ्या बाजूस उतरते.