नोंदवहीतील एक रकाना

सरकारी इस्पितळात शल्यचिकित्सक म्हणून माझी तीस वर्षे गेली. हजारो केसपेपर हाताखालून गेले आणि विस्मृतीत विरले. एक मात्र विसरता येत नाही. एका रात्री एक बाप आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला चादरीत गुंडाळून घेऊन आला. पोर पांढरेफटक पडले होते. “काय झाले?” “पडला, साहेब.” चादर दूर करताच उमगले की, जखम सुंतेची आहे आणि ती दोन दिवसांची आहे. आदल्या दिवशीही तो आला होता, परंतु “कोणी केले? कुठे केले?” असा खिडकीवरच्या कारकुनाचा भडिमार सुरू होताच मुलाला घेऊन परत फिरला होता. मूल वाचले. पण कागद हा औषधाच्या आड येऊ शकतो, हे मी त्या रात्री शिकलो.

अलीकडे कन्येकडे कोपनहेगनला काही महिने राहिलो, तेव्हा हा प्रसंग पुन्हा वर आला. ती आरोग्यविषयक नोंदींच्या अभ्यासात आहे. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक असतो आणि १९७७ पासून इस्पितळातील उपचारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. सुंता तेथे शस्त्रक्रिया मानली जाते आणि तिची जबाबदारी डॉक्टरवर असते. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे होते. ज्यू कुटुंबात आठव्या दिवशी सुंता करून मुलाचे नाव ठेवतात. मुसलमान कुटुंबांत वयाचा असा एकच नेम नाही. अठरा वर्षांखालील मुलांची धार्मिक सुंता बंद करावी, या मागणीला २०१८ मध्ये तेथे पन्नास हजार नागरिकांच्या सह्या मिळाल्या. अशा हवेत ‘नोंद’ हा शब्दही साधा राहत नाही.

कन्या म्हणाली, “बाबा, नोंद अर्धी असली की निष्कर्षही अर्धे निघतात.” तिने एक उदाहरण दिले. २०१५ मध्ये तेथील दोन संशोधकांनी १९९४ ते २००३ या काळात जन्मलेल्या ३,४२,८७७ मुलांच्या नोंदी तपासून, सुंता आणि स्वमग्नता यांचा संबंध दिसतो असे लिहिले. परंतु नोंदीत सुंता झालेली मुले सुमारे एक टक्का होती. इस्पितळाबाहेर झालेल्या कित्येक सुंता तीत नव्हत्याच. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले. “म्हणून सगळेच नोंदवावे,” ती म्हणाली. डॉक्टर म्हणून मला ते पटले. रक्तस्राव किती मुलांना होतो, कोणाच्या हातून होतो, हे कळल्यावाचून पुढचे मूल कसे वाचणार?

“मग धर्माचा रकाना तेवढा वगळावा,” मी सुचवले. ती हसली. “बाबा, रकाना नसला तरी शस्त्रक्रियेचे नावच धर्म सांगते.”

त्याच शहरात १९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जर्मनांनी ज्यू समाजाच्या कागदपत्रांवर हात टाकला आणि नावेपत्ते उचलून नेले. १ ऑक्टोबरच्या रात्री धरपकड झाली. आगाऊ सूचना मिळाल्याने आणि शेजाऱ्यांनी दारे उघडल्याने सात हजारांहून अधिक माणसे समुद्रमार्गे स्वीडनला पोचली. मन खिळले ते एकाच गोष्टीवर : ती यादी शत्रूने तयार केलेली नव्हती. आपल्या देवस्थानात महाजनांची नोंदवही असते, तशीच ती त्या समाजाने आपल्या माणसांसाठी राखलेली होती. यादी करणाऱ्याचा हेतू शुद्ध असून भागत नाही. ती उद्या कोणाच्या हाती पडेल, हे करणाऱ्याला ठाऊक नसते.

आपल्या गोव्याला हे नव्याने सांगावे लागू नये. ज्यू कुळात जन्मलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये येथेच औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ छापला आणि १५६८ मध्ये तो वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले. चौकशीत आप्तांच्या तोंडून निघालेले शब्द कागदावर राहिले आणि १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. माणूस मेला, तरी त्याच्यावरचा कागद मेला नव्हता. आज पणजीतील एका उद्यानाला त्याचे नाव आहे.

तर मग लिहूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. जखम झाली तर ती कोणत्याही शस्त्रक्रियेच्या जखमेसारखी उपचार करणाऱ्याच्या कागदावर यावी. अभ्यासासाठी आकडे द्यावेत, नावे व क्रमांक देऊ नयेत. सुंता झालेल्या मुलांची नावनिशीवार यादी मात्र कोणत्याही कचेरीत असू नये. याने शास्त्राची गती थोडी मंदावेल, ही किंमत मी मान्य करतो. कन्येला ती जास्त वाटते. “आणि त्या मंद गतीत जे मूल दगावेल, त्याचे काय?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

त्या रात्रीच्या केसपेपरवर मी जखम, रक्तस्राव आणि टाके एवढेच लिहिले. ‘कोणी केले’ हा रकाना कोरा ठेवला. कदाचित ते चूक होते. त्या हातून दुसरे मूलही जखमी झाले असते. पण टाके काढायच्या दिवशी तो बाप एका वृद्ध न्हाव्याला सोबत घेऊन आला. मी बोलावले नव्हते. म्हातारा बराच वेळ दाराशीच उभा राहिला, मग आत येऊन त्याने आपला वस्तरा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, हा किती वेळ उकळायचा?”