प्रश्नांचा साचा

नवख्या पोराला कॉम्प्युटरसमोर बसवलं की तो आधी अक्षर मोठं करतो, ठळक करतो, ओळ मधोमध नेतो. मी तिथेच थांबवतो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ लावायला शिकवतो आणि एफ-५ दाबायला सांगतो. नॅव्हिगेटर उघडतो, सगळे मथळे एकाखाली एक दिसतात. ‘बांबू’ हा मथळा वर हवा? मथळा ओढला की त्याखालचा मजकूरही सोबत जातो. क्रम बदलता येतो हे एकदा हाताला कळलं की पोरं लिहायला घाबरत नाहीत.

लिहिण्याची ही भीती आमच्या जंगलातल्या गावांना महागात पडते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळाला म्हणून लिहिणं संपत नाही. २०१२च्या सुधारित नियमांनी संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा करण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे दिलं. त्याआधी दाव्यालाच एकाहून जास्त पुरावे लागतात: निस्तारपत्रक (गावाच्या वापरहक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, म्हाताऱ्यांचे जबाब. पुरावा असूनही कागदांच्या ढिगात सापडला नाही, की गावाचं वर्ष वाया जातं.

आमच्या ग्रामसभेत बोलणं गोंडीत, लिहिणं मराठीत. मध्ये बसून लिहिणाऱ्या पोराला वाटतं, जड सरकारी मराठी लिहिली म्हणजे झालं. मग शेजारच्या गावचा आराखडा कॉपी-पेस्ट होतो. गावाचं नाव बदलतं, नाले शेजारच्याच गावचे राहतात. असा आराखडा जंगलाच्या काहीच कामाचा नाही.

म्हणून आराखड्याच्या माझ्या टेम्प्लेटमध्ये तयार वाक्य एकही नाही. मथळ्याखाली फक्त प्रश्न. मोहाची झाडं कुठल्या बाजूला जास्त? वणवा कुठून येतो, कोणत्या महिन्यात? यंदा कोणत्या पट्ट्यातला बांबू तोडायचा नाही, हे कधीच्या सभेत ठरलं? प्रश्न गोंडीत मोठ्याने विचारायचा, उत्तर पुरतं ऐकायचं, मग टाइप करायचं. ठराव किंवा जबाब असेल तर तिथेच परिशिष्टाचा क्रॉस-रेफरन्स टाकायचा. पुढे परिशिष्टं वरखाली झाली, तरी अपडेट केल्यावर आकडे जुळतात.

शेवटी आपोआप बनलेली अनुक्रमणिका छापून सभेत वाचून दाखवायची. हे मी कधीच गाळू देत नाही. अक्षरओळख नसलेल्या आजींनाही मथळे ऐकताना काय राहिलं ते बरोबर कळतं. पेनठाणा, म्हणजे देवांची जागा, राहिला असेल, तर सभेतच नवा मथळा घालायचा, आणि त्याखालचे प्रश्न आजींनी सांगायचे.