उचललेली वाक्यं आणि उचललेली जीभ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं, याची यादी आमच्या घरी दरवर्षी फ्रिजवर लावलेली असते. दोन वर्षांपूर्वी त्या यादीतलं एक नाव आम्ही गाळलं. "गडबडीत राहून गेलं" असं नंतर सगळ्यांना सांगितलं, पण ते खरं नव्हतं. ते कबूल करावं म्हणून हा लेख.

नाव होतं आपल्याच मंडळातल्या एका तरुण प्राध्यापिकेचं. आम्हा दोघांना ती काका-काकू म्हणते. गणपतीत आरतीची पुस्तकं वाटण्यापासून मराठी शाळेतल्या मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यापर्यंत सगळीकडे ती असायची. कुणाचा तरी मुलगा तिच्या विद्यापीठात शिकत होता. त्याच्याकडून कळलं, की हिच्यावर दुसऱ्याचं लिखाण उचलल्याचा आरोप आहे आणि चौकशी चालू आहे. पुढच्या पॉटलकपर्यंत "आरोप आहे" याचं "चोरलंय" झालं आणि त्याच्या पुढच्या पॉटलकला "नोकरी गेली म्हणे" इथपर्यंत मजल गेली. ती मात्र कुणाशी काही बोलत नव्हती. कार्यक्रमांना येईनाशी झाली. खरं असल्याशिवाय माणूस गप्प कशाला बसेल, असं आम्हीही म्हणालो.

सात महिन्यांनी प्रकरण मिटलं. एका शोधनिबंधातल्या दोन परिच्छेदांना संदर्भ द्यायचा राहिला होता. तो भाग तिच्या विद्यार्थ्याने लिहिला होता आणि तिने नीट तपासला नव्हता. समितीने निष्काळजीपणाची नोंद केली, नियतकालिकात दुरुस्ती छापून आली, आणि पुढे चौकशी करण्याचं कारण नाही असं तिला लेखी मिळालं. हे सगळं तिने आम्हाला सांगितलं ते इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, तूरडाळीच्या पोत्यांपाशी उभं राहून. "तेव्हाच का नाही गं सांगितलंस?" असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "काकू, चौकशी चालू असताना बाहेर बोलू नका, असं सांगितलं होतं. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचायला बसलो. अशा प्रकरणात विद्यापीठं नेमकं काय करतात, आणि कोर्टात गेलं तर काय होतं?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनासाठी २००० सालच्या डिसेंबरमध्ये एक धोरण ठरलं. दुसऱ्याच्या कल्पना, पद्धती, निष्कर्ष किंवा शब्द योग्य श्रेय न देता घेणं म्हणजे वाङ्मयचौर्य, अशी त्यात व्याख्या आहे. प्रामाणिक चूक मात्र गैरवर्तनात धरली जात नाही. कृत्य हेतुपुरस्सर, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेलं असावं लागतं. ठरवण्याच्या पायऱ्या तीन. पहिल्या पायरीवर आरोपात पुढे तपासण्याजोगं काही आहे का, एवढंच पाहायचं. असेल तर दुसऱ्या पायरीवर सविस्तर चौकशी. निर्णय आणि शिक्षा तिसऱ्या पायरीवर. तोपर्यंत नावं शक्य तेवढी गुप्त ठेवायची. आरोप करणाऱ्यालाही यात संरक्षण आहे, कारण ज्याचं लिखाण चोरीला जातं तो पुष्कळदा विद्यार्थी असतो आणि चोरणारा त्याचा वरिष्ठ.

आमच्या ओळखीचं प्रकरण पहिल्या पायरीवरच थांबलं. आम्ही मात्र थेट तिसरी पायरी गाठून शिक्षाही दिली होती.

बोस्टनमधल्या १९९१ सालच्या दोन गोष्टी या वाचनात सापडल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना बोस्टन विद्यापीठाने १९५५ साली डॉक्टरेट दिली होती. त्यांच्या प्रबंधात इतरांची वाक्यं श्रेय न देता आली आहेत, हे १९९० साली उघड झालं. काही मजकूर तर त्याच विद्यापीठात तीन वर्षं आधी सादर झालेल्या दुसऱ्या एका प्रबंधातला होता. किंग यांना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि देश त्यांच्या जन्मदिनाची सुट्टी पाळत होता. विद्यापीठाने चार जणांची समिती नेमली. समितीने १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट सांगितलं, की वाङ्मयचौर्य झालं आहे. पदवी काढून घेऊन मात्र काही साधणार नाही, म्हणून ग्रंथालयातल्या प्रबंधाच्या प्रतीसोबत हा निष्कर्ष सांगणारं पत्र ठेवावं. माणूस मोठा म्हणून झाकलं नाही आणि चूक सापडली म्हणून त्याचं सगळं आयुष्य पुसलंही नाही.

दुसरी गोष्ट कोर्टातली. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी विद्यापीठाने वाङ्मयचौर्याबद्दल एका प्राध्यापकावर ठपका ठेवला. प्रकरण बोस्टनच्या फेडरल अपील कोर्टापर्यंत गेलं. निकाल लिहिला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या स्टीफन ब्रायर यांनी, आणि तो विद्यापीठाच्या बाजूने लागला. आमची समजूत अशी होती, की न्यायाधीश दोन पुस्तकं शेजारी ठेवून ओळी मोजत बसतात. तसं नसतं. ते काम कोर्ट सहसा त्या विषयातल्या जाणकारांवर सोडतं. आरोप काय आहे ते सांगितलं का, बाजू मांडू दिली का, निर्णय देणारे निःपक्षपाती होते का, हे कोर्ट पाहतं.

प्रत्येक वेळी हे इतकं सरळ होत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातले प्राध्यापक वॉर्ड चर्चिल यांच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांवरील लेखावरून २००५ साली गदारोळ झाला. त्यानंतर त्यांचं जुनं लिखाण तपासलं गेलं, त्यात वाङ्मयचौर्यासह बरेच दोष समितीला आढळले आणि २००७ साली त्यांना काढून टाकलं. ज्युरीने २००९ साली ठरवलं, की खरं कारण त्यांची मतंच होती. नुकसानभरपाई दिली ती १ डॉलर! न्यायाधीशांनी तो कौलही रद्द केला आणि २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचीच बाजू उचलून धरली. दोष खरे असतील, पण ते शोधायला कोण आणि का निघालं, हा प्रश्न मनात राहतोच.

आणि आपल्या देशात? दिल्ली विद्यापीठाचे माजी कुलगुरू दीपक पेंटल यांच्याविरुद्ध एका सहकारी प्राध्यापकाने संशोधन चोरल्याची तक्रार केली आणि ती फौजदारी कोर्टात गेली. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी कोर्टाने पेंटल यांना तिहार तुरुंगात पाठवलं. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने आदेश थांबवला आणि ते सुटले. आरोप खरा की खोटा, हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. पुढे २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. जुळणारा मजकूर १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० च्या वर गेल्यास प्राध्यापकाची एक वेतनवाढ आणि ६० च्या वर गेल्यास सलग दोन वेतनवाढी रोखायच्या. आकडे ठीक आहेत, पण संगणकाला सारखेपणा कळतो, हेतू कळत नाही. तो माणसांनीच समोर बसवून विचारावा लागतो.

खरं तर या विषयावर ताठ मानेने बोलण्याचा आम्हाला फारसा हक्क नाही. शाळेत गाइडातली उत्तरं आम्ही शब्दन् शब्द पाठ केली आणि तशीच उतरवून पैकीच्या पैकी मार्क मिळवले. हे वाक्य कुणाचं, असं कधी कुणी विचारलं नाही. आपल्या मुलांना इथे सहावी-सातवीपासून ते विचारतात, हे चांगलंच आहे. चोरी ही चोरीच. पण ती ठरवायला वेळ लागतो, कागद लागतात, समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, याला यातलं काहीच लागत नाही.

मागच्या संक्रांतीला आम्ही दोघं तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेलो. चूक कबूल केली. तिने चहा केला, मुलीच्या शाळेबद्दल बोलली. "जाऊ द्या हो काकू" असं मात्र म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं तरी का?

मंडळातल्या कुणाबद्दल असं काही कानावर आलं, तर आधी त्या घरी फोन करावा, एवढीच वाचकांना विनंती. प्रकरणाचं काही विचारू नये. नुसतं "कशी आहेस?" म्हणावं.

यंदाच्या यादीत पहिलं नाव तिचं आहे. येते, असं तिने अजून म्हटलेलं नाही.