आठ बोटांचा हिशेब

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, आणि आमच्या वर्गातल्या मुलींनी विषय भराभर वाटून घेतले. पाऊस एकीने घेतला, आजी दुसरीने, एस.टी.चा प्रवास तिसरीने. माझ्या वाट्याला उरले ते फारसे वाङ्मयीन नाही. पण गेल्या वर्षभरात मी अभ्यासक्रमाबाहेरच्या ज्या एकाच विषयाचा मनापासून अभ्यास केला, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. तो विषय म्हणजे व्हिडिओ खेळ खेळण्याचा बिनतारी कंट्रोलर. इथे आमच्या मराठीच्या सरांच्या भुवया वर जाणार हे मला दिसते आहे. सरांनी निदान पान उलटू नये, एवढीच विनंती.

मी स्वतः असले खेळ कधी खेळले नाही. खेळायचे होते ते माझ्या धाकट्या भावाला. तो आता चौदा वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठ्याशेजारचे आणि मधले. त्या दिवसाविषयी मी जास्त लिहीत नाही. पुढे तो डाव्या हाताने लिहायला शिकला, सायकल चालवायला लागला, फक्त फोटो काढायची वेळ आली की उजवा हात आपोआप खिशात जाऊ लागला.

त्याच्या एका मित्राकडे संगणक आहे. संध्याकाळी पोरे तिथे जमतात आणि मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतात. आमचा धाकटा मागे बसून ‘आता वळव, आता दाब’ असे सांगत असे. रस्ता त्याला पाठ होता, गाडी मात्र दुसऱ्याच्या हातात. एकदा रात्री जेवताना तो सहज म्हणाला, “ताई, मागच्या अंगाला बटणं असलेला पण कंट्रोलर मिळतोय म्हणं.” एवढेच बोलला आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. त्यानंतर पुन्हा त्याने विषय काढला नाही. काढला असता तर कदाचित मी विसरूनही गेले असते.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कंट्रोलर दोन्ही हातांत मिळून धरायचा असतो. दोन्ही अंगठे वर राहतात. त्यांच्यासाठी दोन छोट्या काड्या असतात, डावीकडे अधिक चिन्हासारखे दिशांचे बटण आणि उजवीकडे चार गोल बटणे. ते अधिक चिन्ह निन्टेन्डो कंपनीतल्या गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली एका हातात मावणाऱ्या छोट्या खेळासाठी आणले. पुढच्या कडेला, जिथे अंगठ्याशेजारची बोटे टेकतात, तिथे दोन-दोन बटणे असतात. त्यांतले खालचे बंदुकीच्या चापासारखे असते, म्हणून मी त्याला चापच म्हणते. शर्यतीच्या खेळात उजवा चाप म्हणजे वेग आणि डावा चाप म्हणजे ब्रेक, डाव्या अंगठ्याने गाडी वळवायची. मधल्या बोटांपासून करंगळीपर्यंतची बोटे यंत्र नुसते धरून ठेवतात.

आता हिशेब करा. जी बोटे आमच्या धाकट्याकडे नाहीत, नेमकी त्यांच्याकडेच वेग. अनामिका पुढे ताणून चाप दाबावा तर हातातून यंत्र निसटते. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांनी दहा बोटे गृहीत धरली होती. त्यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. आमच्याकडचा विळासुद्धा उजवा हात गृहीत धरूनच घडवलेला असतो. माझी आई डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा तिला गवत कापता येत नाही असे सगळे म्हणत. मग लोहाराने धार उलट्या अंगाने लावून दिली, आणि बांधावर तिच्यापुढे कोणी टिकेना. तो विळा अजून वेगळा ठेवलेला असतो. दुसऱ्या कोणी उचलला तर गवत कापले न जाता वाकते.

कमवा आणि शिका योजनेत मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकांच्या पाठींना चिकटपट्ट्या लावून जमलेल्या पैशांतून मी पहिला कंट्रोलर आणला, आणि सपशेल फसले. दुकानदार म्हणाला, “सगळ्यांवर चालतो, ताई.” खोक्यावरही तसेच छापले होते. मागच्या बाजूला बटणांसारखे जे दिसत होते तो नुसता प्लॅस्टिकचा उठाव निघाला. शिवाय दीड महिन्यात डावी काडी बिघडली. कोणी हात लावला नाही तरी गाडी आपली हळूहळू कुंपणाकडे जाऊ लागली. धाकटा म्हणाला, “हिला पण कुणीतरी मागनं सांगाय पाहिजे.” आम्ही दोघेही हसलो, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पैसे गेलेच होते. शिवाय त्याने आता पुन्हा काही मागितले नसते.

तेव्हापासून मी नेटाने वाचू लागले. प्रथम त्या काडीचे. साध्या काडीच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर असतो. त्यात एक बारीक पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते आणि काडी किती कलली ते सांगते. घासणारी वस्तू झिजणारच. पट्टी झिजली की काडी मध्यावर असूनही यंत्राला ती कललेली वाटते. याला ड्रिफ्ट म्हणतात. यावर उपाय जुना आहे. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली दाखवले की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या अंगाने विद्युतदाब निर्माण होतो. काडीच्या बुडाशी चुंबक बसवायचा आणि समोर हा परिणाम मोजणारा संवेदक. मग एकमेकांना काही टेकतच नाही, त्यामुळे तिथे घासून झिजायलाही काही नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये अशी काडी वापरली होती. तरीही पुढे कित्येक महागड्या कंट्रोलरांत घासणारीच काडी येत राहिली. चांगली युक्ती सापडली म्हणजे ती सगळ्यांपर्यंत पोहोचतेच असे नाही, हे इतिहासाच्या तासाला ऐकले होते. इथे प्रत्यक्ष पाहिले.

मग ‘सगळ्यांवर चालतो’ या वाक्याचा अर्थ शोधला. तो सगळ्यात अवघड निघाला. धाकट्याला तीन ठिकाणी खेळायचे होते: मित्राच्या संगणकावर, माझ्या मोबाइलवर, आणि दिवाळीत मामाच्या मुलाच्या प्लेस्टेशनवर. बहुतेक बिनतारी कंट्रोलरांवर ‘सगळे’ म्हणजे विंडोज, अँड्रॉइड, आयफोन आणि निन्टेन्डोचे स्विच. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्या घराला कुलूप असते. त्यांना आपापल्या कंपनीचा किंवा त्यांनी परवाना दिलेलाच कंट्रोलर चालतो. उलट बाजूने मात्र दार उघडे आहे. त्यांचे अलीकडचे कंट्रोलर ब्लूटूथने संगणकाला आणि मोबाइलला जोडता येतात. मोबाइलचीही एक गंमत आहे. कंट्रोलर जोडला जातो, पण बरेच खेळ केवळ काचेवर बोट फिरवण्यासाठी बनवलेले असतात, ते त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

त्यात अक्षरांचा घोळ. एक्सबॉक्सच्या चार बटणांत ए खाली असते, निन्टेन्डोच्या बटणांत ए उजवीकडे. खेळ म्हणतो ए दाब, बोट पडते बी वर. सोनीने तर अक्षरेच घेतली नाहीत, आकृत्या घेतल्या. जपानमध्ये गोल म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही असे बरीच वर्षे चालले, बाहेरच्या देशांत बहुधा फुली दाबून होय म्हणत. २०२० च्या पाचव्या प्लेस्टेशनपासून सगळीकडे फुली म्हणजे होय झाले. परीक्षेच्या पेपरात बरोबर-चुकीच्या खुणा करणाऱ्या आम्हा लोकांना हे पटणे कठीणच.

बोटांचा प्रश्न अजून तसाच होता. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली खास अपंगांसाठी ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठी बटणे आणि मागे भोकांची रांग. प्रत्येक भोकात आपल्याला जमेल ते बटण जोडायचे, पायाने दाबायचे असो की हनुवटीने. सोनीचाही ॲक्सेस नावाचा तसा कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. मला तो भारी आवडला. मोबाइलवर त्याचे चित्र धाकट्याला दाखवले. त्याने नीट पाहिले आणि मोबाइल परत दिला. “चांगला हाय. पण ह्यो घेऊन मी त्यांच्यात बसायचो न्हाई.” मला राग आला. एवढ्या विचाराने बनवलेली वस्तू, आणि याला लाज कसली? दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मग एकदा फोटोसाठी उभे राहताना त्याचा हात खिशात जाताना पाहिला आणि माझा राग गेला. किंमतही आम्हाला झेपणारी नव्हती, हे खरे. पण ते कारण मी नंतर शोधले.

म्हणजे यंत्र असे हवे की जे दहा बोटांची पोरेही हौसेने वापरतात. तसे आहे. पट्टीचे खेळाडू अंगठा काडीवरून उचलावा लागू नये म्हणून मागच्या अंगाला जास्तीची बटणे घेतात. एक्सबॉक्सच्या २०१५ च्या एलिट कंट्रोलरला अशा चार पट्ट्या होत्या. सोनीने २०२० साली जुन्या कंट्रोलरला मागून लावायचा दोन बटणांचा जोड काढला होता, आणि २०२३ च्या ड्युअलसेन्स एजला तर मुळातच तशी बटणे आहेत. ती बटणे येतात नेमकी अनामिकेखाली. माझ्या भावाची अनामिका शाबूत आहे.

मात्र ज्या बोटाने धरायचे त्यानेच दाबायचेही, म्हणजे वजन पाहायला हवे. एलिटचा दुसरा अवतार ३४५ ग्रॅम, साधा ड्युअलसेन्स सुमारे २८० ग्रॅम. ६५ ग्रॅमचा फरक दुकानात कळत नाही, तासाभराने अनामिकेला आणि करंगळीला कळतो. आमच्या घरातल्या तागडीवर बटाटे ठेवून मी त्याला दोन्ही वजने धरायला लावली. आई म्हणाली, “ह्या पोरीला कालेजात ह्येच शिकवत्यात का?”

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला. बटणांची अदलाबदल दोन ठिकाणी साठवता येते. संगणकातल्या स्टीमसारख्या प्रणालीत केली तर ती त्या संगणकापुरती, कंट्रोलर मोबाइलला जोडला की सगळे पहिल्यासारखे. काही कंट्रोलरांना स्वतःचीच स्मरणशक्ती असते. एकदा बदल करून आत साठवला की कुठेही न्या, बदल बरोबर येतो. शिवाय तीन-तीन मांडण्या ठेवून एका बटणाने फिरवता येतात. ज्याला तीन घरी खेळायचे आहे त्याला हे दुसरेच हवे. उलटा विळा स्वतःबरोबर नेता आला पाहिजे. दर बांधावर वेगळा लोहार कुठून आणायचा?

असा एक मिळाला. नाव लिहीत नाही, नाहीतर संपादक जाहिरातीचे पैसे मागतील. पाठीमागे दोन बटणे, चुंबकाच्या काड्या, हलका, आत तीन मांडण्या, संगणकासाठी वेगळी चिमुकली खुंटी आणि मोबाइलसाठी ब्लूटूथ. खुंटीने जोडला की दाबणे आणि गाडी पळणे यांतले अंतर सहसा कमी पडते, असे वाचले होते. मला काही फरक जाणवला नाही, धाकट्याला जाणवला. मामाच्या प्लेस्टेशनचे दार मात्र बंदच राहिले, ते मी त्याला घेण्याआधीच सांगितले होते.

मांडणी मी केली. त्यासाठी चार दिवस वहीत आकृत्या काढल्या होत्या. उजव्या चापाचे काम नुसते मागच्या बटणाला द्यावे तर एक अडचण होती. चाप थोडा दाबला तर थोडा वेग देतो, बटणाला मात्र होय किंवा नाही एवढेच ठाऊक. सारखा पूर्ण वेग दिला तर गाडी पहिल्याच वळणावर शेतात. म्हणून मी दोन्ही चापांची अदलाबदल केली. वेग डाव्या चापावर, आणि उजव्या हाताच्या मागच्या बटणावर नुसता ब्रेक. वळवणे डाव्या अंगठ्याकडे होतेच. उजव्या हाताला जितके कमी काम पडेल तितके बरे, असा माझा सगळा हिशेब होता, आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्याने दोन संध्याकाळी खेळून पाहिले. तिसऱ्या दिवशी मी पाहते तर मांडणी बदललेली. त्याने दोन्ही काड्याही एकमेकींच्या जागी नेल्या होत्या. वेग डाव्या बोटाकडे ठेवला, आणि गाडी वळवायचे काम उजव्या अंगठ्याला दिले. मी म्हटले, “अरे, त्या हाताला ताण नको म्हणून तर मी...” तो म्हणाला, “ताई, एकाच हातानं पळवायचं पण आन् वळवायचं पण, व्हय? ह्यो अंगठा मोकळाच बसलाय की.”

गेल्या आठवड्यात मी त्याला जेवायला हाक मारायला मित्राच्या घरी गेले. शर्यत संपली होती. मित्राने कंट्रोलर घेतला, गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणाला ती सरळ भिंतीवर नेली. “अरे, वळतच नाही ही!” तो ओरडला. आमचा धाकटा मागे भिंतीला टेकून शेंगा खात होता. उजव्या हातानेच. त्याने पडद्याकडे पाहतच सांगितले, “दोन नंबरला घे. एक नंबर माझा हाय.”