शुक्रवारची वही

धाकट्या भावाचा तो फोन रात्री साडेअकराला आला होता. त्या गोष्टीला सात वर्षं झाली. पुण्याला असतो तो. म्हणाला, "ताई, मला प्रार्थना करता येत नाही. बसतो, डोळे मिटतो, पण समोर कुणी आहे असं वाटतच नाही. उपासनेत गातो तेही नुसतं गळ्यातून." मग जरा थांबून, "कुणाला सांगू नकोस."

तो मंगळवार होता. शुक्रवारी मी चौदा बायकांना सांगितलं.

आमच्या नगरात (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) दर शुक्रवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी आमची प्रार्थनासभा असते. एक गीत, मग वचन, मग विनंत्या. विनंत्यांचा भाग सगळ्यात लांबतो. कुणाचा जावई पितो, कुणाची पुतणी परधर्मातल्या मुलाबरोबर फिरते, कुणाच्या दिराचं कोर्टात चाललंय. या विनंत्यांची वही माझ्याकडे असते: तारीख, नाव, विनंती, आणि शेवटचा रकाना 'उत्तर मिळाले'. तपशील जितका जास्त तितका प्रार्थनेला जोर चढतो, असा आमचा समज. देवाला पत्ता नीट कळायला नको का!

त्या शुक्रवारी मी म्हणाले, "माझा भाऊ विश्वासातून घसरतोय. त्याच्या आत्म्यासाठी ओझं घ्या." कुणीतरी हळूच विचारलं, "पितात का?" मला काहीच माहीत नव्हतं. मी मान खाली घातली. सगळ्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला, आणि मी घेऊ दिला. भावासाठी रडणारी बहीण म्हणून चौदा जणी माझ्याकडे बघत होत्या आणि मला ते आवडत होतं. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही.

त्या चौदांतल्या एकीचं माहेरचं नातं त्याच्या सासरी निघतं. महिन्याभरात त्याला तिकडच्या गायनमंडळात सांगण्यात आलं, थोडे दिवस विश्रांती घ्या. तो नगरला आला. चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच विचारलं, "ताई, तू देवाला सांगितलंस की नगरला?"

तेव्हा तरी मी चूक कबूल करायची. पण मी म्हणाले, "तुला काय माहीत, मी तुझ्यासाठी रोज गुडघ्यावर असते." प्रार्थना काठीसारखी उगारता येते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. चहा ठेवला होता, तो न घेताच गेला. पुढची दोन वर्षं बोलला नाही.

त्या दोन वर्षांत मी स्वतःला चक्क मोनिका समजत होते, ऑगस्टिनची आई. तिचा मुलगा नऊएक वर्षं मानी पंथाच्या नादी लागला होता. शेवटी ३८७ साली मिलानला बिशप अँब्रोझनं त्याला बाप्तिस्मा दिला. उपदेशात ही गोष्ट इतक्यांदा ऐकलेली, की तिच्या आसवांत मी माझी आसवं सहज मिसळली. गोष्टीचा दुसरा भाग मी विसरून जात असे. ती एका बिशपकडे, माझ्या मुलाची समजूत घाला म्हणून मागे लागली, तेव्हा त्यानं साफ नकार दिला: त्याला आहे तिथं राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. आणि कार्थेजला तो आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करत असताना, मुलगा तिला फसवून जहाजानं रोमला निघून गेला. आमच्या वहीत 'उत्तर मिळाले' या रकान्यात अशा रात्री काय लिहिलं असतं?

आम्ही पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा दाखलाही वारंवार द्यायचो. ते केडगावला आहे; नगरला लागून आहे ते केडगाव नव्हे, दौंडकडचं. १९०५ साली तिथं शेकडो बायका-मुली रोज प्रार्थनेला जमत, तशा आपण जमू या, असं मीच म्हणत असे. जमणाऱ्यांची संख्या आम्ही मोजत होतो.

मग एकदा वचनाची पाळी माझ्यावर आली. उत्पत्तीचा अठरावा अध्याय निघाला. सदोमेसाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांवरून थेट दहावर येतो. तयारी करताना लक्षात आलं, की त्या शहरात त्याचा पुतण्या लोट राहतो आणि सगळ्या बोलण्यात तो लोटाचं नाव एकदाही काढत नाही. ऐकायलाही तिसरं कुणी नाही. कफर्णहूमला छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडणारे ते चौघेही तसेच. आजाऱ्याबद्दल ते अवाक्षर बोलल्याचं मार्कानं लिहिलेलं नाही. खाट तेवढी उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून एकटी बसले. म्हटलं, भावासाठी बिनतपशिलाची प्रार्थना करून बघू. आणि शब्दच येईनात. सभेत अर्धा तास अखंड बोलणारी मी, समोर कुणी बाई नाही तर माझी जीभ हलेना. डोळे मिटले, आणि समोर कुणी आहे असं वाटेना. किती वर्षांपासून असं होतं, देव जाणे. भावानं निदान फोन तरी केला होता. दानिएल आपल्या लोकांसाठी विनवणी करताना 'ते' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. मला तो 'आम्ही' त्या पहाटे उच्चारावा लागला, आणि तेवढंच बोलून उठले.

वही उघडली. भावाच्या नावापुढे पाच-सहा ओळी, पोलिसांच्या पंचनाम्यासारख्या. माझं नाव कुठंच नव्हतं.

पुण्याला जाऊन माफी मागितली. तो "बरं" म्हणाला. एवढंच. त्याच्या बायकोनं पोहे केले.

सभेत मी आता सांगते, नाव घ्या आणि थांबा. हे फारसं कुणाला रुचलेलं नाही. चौदाच्या नऊ झालो. एक बाई तोंडावर म्हणाल्या, "मग जमायचं कशाला?" प्रश्न चुकीचा नाही.

भाऊ उपासनेला जातो की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारत नाही, आणि न विचारणं मला अजून जड जातं. रविवारी फोन करते. मागच्या खेपेला टँकर, पाणी, सोसायटीची भांडणं, सगळं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "वही लिहितेस अजून?"

"लिहिते."

"माझं आहे त्यात?"

"नाव आहे. नुसतं नाव."

बराच वेळ त्याच्याकडच्या टीव्हीचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "तिकडे ज्वारी काय भाव आहे?"