मुंबई ते नागपूर : घड्याळाचा हिशेब

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे 2025 साली, पहाटे पाच वाजता नागपूरहून ताईचा फोन आला. आमचे दाजी कालकथित झाले होते. अंत्ययात्रा संध्याकाळी पाच वाजता. आम्ही दोघे भाऊ कल्याणला एकाच चाळीत राहतो. दुरांतो मध्यरात्रीच निघून गेलेली आणि विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळची, म्हणजे रेल्वेचा प्रश्नच मिटला. उरले विमान नाही तर मोटार.

मुलाने मोबाइलवर पाहिले. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर, वेळ दीड तास. रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर आहे. "बाबा, दीड तासात पोचाल," तो म्हणाला. मी कारकून माणूस, आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. तरी एक तिकीट काढले. दर ऐकून पत्नीने कपाळाला हात लावला.

सहाला घर सोडले. लोकलने घाटकोपर, तिथून रिक्षा. पावणेआठला विमानतळावर. मग तपासणी, रांगा आणि नुसते बसून राहणे. पावणेदहाला विमान उडाले, सव्वाअकराला नागपुरात उतरले. सोनेगावच्या या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. 11 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षेसाठी ते दिल्लीहून नागपूरला विमानानेच आले होते. लोक मात्र रेल्वेने, बैलगाडीने, कित्येक तर पायी आले. आमची आई तेव्हा अकरा वर्षांची होती, वडिलांचे बोट धरून कल्याणहून गाडीत बसली होती.

इंदोऱ्यात ताईच्या दारी पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. हवेत दीड तास, पण दारापासून दारापर्यंत सव्वासहा.

धाकट्याने भाड्याची मोटार केली. तो, वहिनी, दोन मुले आणि आई. ऐंशी वर्षांच्या आईला विमानात एकटी कशी बसवणार आणि सगळ्यांची तिकिटे कोणाच्या खिशातून काढणार? पावणेसातला ते निघाले आणि भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्गाला लागले. नागपूरपर्यंतचा हा रस्ता 701 किलोमीटरचा, पण इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 5 जून 2025 रोजी खुला झाला, त्याआधी तो सलग नव्हता. लहान मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. तिने भागाकार केला तर सहा तास येतात. प्रत्यक्षात आईला दोनदा उतरवावे लागले, ड्रायव्हरला चहा हवा होता. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून वहिनी त्याच्याशी सारखी बोलत राहिली. सिंदखेडराजाजवळ 1 जुलै 2023 रोजी याच महामार्गावर खासगी बस पेटून 25 माणसे गेली, ते तिच्या मनातून जात नव्हते.

मी दारात उभा राहून घड्याळ पाहत होतो. तीन वाजले, साडेतीन वाजले. ताईचे दीर म्हणाले, "आणखी किती थांबायचे?" मी म्हटले, "आई येतेय." सव्वाचारला मोटार गल्लीत वळली. साडेनऊ तास लागले होते. आई उतरली ती थेट ताईकडे गेली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तेव्हा कुठे सकाळपासून सुन्न बसलेली ताई रडली.

मी तिच्याआधी चार तास येऊन बसलो होतो, पण ताईला रडू माझ्याजवळ फुटले नव्हते.

मोटार त्याच रात्री परत पाठवली. पुण्यानुमोदन आटोपून आम्ही सगळे विदर्भ एक्सप्रेसने परतलो. रात्रभराचा प्रवास, पण आईला खालची बर्थ मिळाली. पहाटे कल्याणला उतरलो आणि दहाला मी ऑफिसात हजर होतो.