गाळाने वसविलेले पाखरांचे गाव

रब्बीची पेरणी उरकली, गव्हाला पहिले पाणी देऊन झाले, की एखादा दिवस मोकळा काढता येतो. असा दिवस हाती लागला तर पोराबाळांना घेऊन निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या. नाशिकहून चांदोरी, सायखेडामार्गे चापडगाव गाठायचे. वाटेत द्राक्षांचे मांडव, ऊस आणि कांदा. आपण अभयारण्याला चाललो आहोत असे वाटतही नाही!

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत दगडी बंधारा बांधला गेला तो पाखरांसाठी नव्हे, कालव्यांसाठी. इथून निघालेले दोन कालवे कोपरगाव, राहात्याकडे गेले आणि तिकडचा ऊस त्यांवर उभा राहिला. पण दोन्ही नद्या वर्षानुवर्षे गाळ आणीत राहिल्या. पाण्याची जागा गाळाने घेतली. उथळ पाण्यात पाणवनस्पती, गोगलगायी, किडे आणि मासळी वाढली, मधूनमधून बेटे वर आली, आणि पाखरांची पंगत बसली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. २०२० साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत त्याचे नाव गेले. महाराष्ट्रातली ही पहिलीच जागा.

उजाडायच्या आत पोहोचा. भडक कपडे नकोत आणि बोलणे हळू. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत, गावातली तरुण मुले वाटाड्या म्हणून येतात. त्यांना अवश्य बरोबर घ्या. आपल्याला नुसते ठिपके दिसतात तिथे ती पाखरू ओळखतात.

पाण्यावर काळ्या रंगाचे, कपाळी पांढरा टिळा असलेले थवे दिसतील, ते वारकरी. फावड्यासारख्या चोचीने पाणी चाळत जाणारा तो थापट्या. शेपूट वर आणि डोके पाण्यात अशी गंमत तलवार बदक करते. नारिंगी-तांबूस चक्रवाकाची जोडी बेटावर बसलेली असते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस दिसले तर मुलांना सांगा, की हे पाहुणे हिमालय ओलांडून आले आहेत. काठच्या शेतांवरून खालून खालून तरंगत जाणारा भोवत्या तर आपल्या कामाचाच. तो उंदीर आणि नाकतोडे टिपतो.

एवढा गाळ पाहून शेतकऱ्याच्या मनात येणारच, की हा उचलून रानात टाकला तर? पाणीही वाढेल, जमीनही सुधारेल. विचार रास्त आहे. पण वीत-दोन वीत पाण्यात चरणाऱ्या बदकांना खोल पाणी काय कामाचे? शिवाय पाण्याचा मोठा साठा वर गंगापूर, दारणा धरणांत असतो. बंधाऱ्याचे मुख्य काम ते पाणी कालव्यांत वळविण्याचे. माझे मत विचाराल तर गाळ उपसायचाच असेल तो कालव्यांच्या तोंडाशी उपसावा, बेटे तशीच राहू द्यावीत. खरी काळजी जलपर्णीची. वरच्या शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यावर ती फोफावते, आणि ती पसरली की पाखरांना उतरायला पाणीच उरत नाही.

अजून एक लक्षात ठेवा. वरून पाणी आले की जलाशय चढतो आणि चिखल बुडतो. कालव्याचे आवर्तन सुटून पाणी उतरले की चिखल उघडा पडतो आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे, चमचे, शराटी काठाला जमतात. म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी. तुमच्या ओळखीचे कोणी कालव्याखाली असेल तर त्यालाच विचारा, त्याला आवर्तनाची तारीख तोंडपाठ असते.

भाकरी बरोबर बांधून न्या. कागद, पिशव्या परत आणा. दुपारी ऊन तापले की पाखरे सुस्तावतात, तेवढ्यात मध्यमेश्वर महादेवाचे दर्शन होते. चार वाजता पुन्हा मनोऱ्यावर चढा. दिवस कलला की शेतांतून बगळ्यांच्या रांगा परतू लागतात, आणि काठच्या बाभळी बघता बघता पांढऱ्या होतात.